नसलेला सीन

आमच्या दुकानाचं नाव सुवर्णा व्हिडिओ,
नाशिकरोडला, जेलरोडच्या वळणावर, पिठाच्या गिरणीला लागून.
कॅसेटींवर पिठाची बारीक साय धरायची.
बाबा म्हणायचे, हेड खराब होतो तो ह्यानंच.

तेव्हा टॉकीजला लागलेला पिक्चर
आमच्या फळीवर यायला वर्ष जायचं.
कधी सव्वा वर्ष.
द्राक्षाची छाटणी, तोडणी, परत छाटणी,
तोवर पोस्टरवरच्या नटीचं लग्नही होऊन गेलेलं.
चोरटी प्रिंट यायची अधूनमधून,
पडद्याच्या आधी कुणाचं तरी डोकं दिसायचं तिच्यात.
बाबा ती ठेवायचे नाहीत.
म्हणजे ठेवायचे, रजिस्टरात लिहायचे नाहीत.

त्या मधल्या वर्षात राहायच्या
पुष्पलता खैरनार.
दिवसभर प्रेसमध्ये नोटा मोजायच्या,
पहिल्याच आठवड्यात बाल्कनीचं तिकीट काढायच्या, एकटीचं,
आणि मग क्वार्टरच्या जिन्यावर बसून
पिक्चर सांगायच्या.
पैसे नसलेल्यांना, तान्हं असलेल्यांना,
नवरा नको म्हणतो अशांना.
मारामारी दोन वाक्यांत उरकायच्या.
गाणं आलं की "इथे गाणं" म्हणून शेंगा सोलायच्या.
पण दाराशी कोण उभं होतं,
पातळ कुठल्या रंगाचं,
कंदील कुठे टांगलेला,
ते सगळं.

एका पिक्चरमध्ये, त्या म्हणाल्या,
आई घर सोडून निघते.
रिक्षा हलते.
मग ती रिक्षा थांबवते, उतरते, परत वर जाते
आणि गॅस बंद केलाय ना
ते बघून येते.
तेजाळेबाई शेंग तशीच तोंडात धरून बसल्या.
खालून पाण्याचा टँकर आला, कुणी उठलं नाही.

चौदा महिन्यांनी कॅसेट आली.
आठवड्यात नऊ घरं फिरली
आणि नऊ घरांतून एकच तक्रार:
सीन कापलाय.
बाबांनी पुढे-मागे करून टेप जवळजवळ झिजवली.
मुंबईला पोस्टकार्ड टाकलं, उत्तर नाही.
शेवटी सगळ्यांना दोन-दोन रुपये परत केले.
माझ्या अक्षरात आहे रजिस्टरात अजून:
"सीन नाही. रु. २ परत."
नववी सही खैरनारबाईंची.
त्यांनीही कॅसेट नेली होती.
त्यांनीही दोन रुपये घेतले.

मग सीडी आल्या.
वर्षाचे सहा महिने झाले, सहाचे तीन.
दुकानात रिचार्ज ठेवले, मग नुसते रिचार्ज,
मग गिरणीवाल्यानं मधली भिंत पाडून गाळा आत घेतला.
आता आठ आठवडे म्हणतात, कधी चारच.
छाटलेल्या वेलीला घड दिसेस्तोवर
पिक्चर खिशात.
काही तर टॉकीजचं तोंडही न बघता येतात,
मध्यरात्री, सगळ्यांच्या घरी एकदम.

भाचा म्हणतो, मावशी, कॉलेजरोडला कशाला जातेस एवढ्या ट्रॅफिकमधून,
महिनाभर थांब, घरी येईल.
थांबेन. थांबायचा मला सराव आहे.
पण ह्या महिन्यात राहतं कोण?
कुणी काही सांगायला गेलं
तर पोरं कानांवर हात ठेवतात.

परवा गेले होते त्यांच्याकडे, उपनगरला.
ब्याऐंशी पूर्ण. ऐकू कमी येतं.
सुनेनं फोनवर तोच पिक्चर लावून दिला होता,
धुऊन पुसून लख्ख केलेली प्रिंट.
आई निघाली. रिक्षा हलली.
रिक्षा गेली.
बाईंनी बोटानं मागे ओढलं.
आई निघाली. रिक्षा गेली.
परत ओढलं.
चहाला साय धरली तरी
चौथ्यांदा ती आई जिना उतरतच होती.

"कापलाय," त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, हो,
आमच्याकडेही तसाच आला होता.